टाळी, कंटाळा आणि पंच : ‘अर्धसत्य’ व ‘कोर्ट’ यांच्या निमित्ताने

पोलीस हा आपल्या चित्रपटांचा जुना आणि लाडका विषय. बहुतेक चित्रपटांतला पोलीस एकतर सारे काही उरकल्यावर शिट्ट्या वाजवीत पोहोचणारा असतो, नाहीतर कायद्याचे पुस्तक मिटून एकट्याने दुष्टांचा निकाल लावणारा शूरवीर असतो. हे दोन्ही साचे मोडून पोलिसी सत्ता आणि सामान्य नागरिकाचे घटनादत्त हक्क यांच्या नात्याकडे गंभीरपणे पाहणाऱ्या कलाकृती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच. त्यांपैकी दोन चित्रपटांचा विचार आम्ही येथे करणार आहोत. गोविंद निहलानी यांचा ‘अर्धसत्य’ १९८३ सालचा. तो हिंदी खरा, परंतु त्याचे मूळ श्री. दा. पानवलकर यांच्या ‘सूर्य’ या मराठी कथेत आहे आणि पटकथा विजय तेंडुलकरांची आहे. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ २०१४ सालचा. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारा हा मराठी चित्रपट प्रेक्षकांनी मात्र फारसा गर्दी करून पाहिला नाही. दोहोंत एकतीस वर्षांचे अंतर आहे. दोघांनाही पडलेला प्रश्न एकच आहे : नागरिकाचा हक्क नेमका कोठे मरतो, आणि कोणाच्या हातून? उत्तरे मात्र वेगळी आहेत, आणि त्या वेगळेपणात आपल्यासाठी काही शिकण्यासारखे आहे.

‘अर्धसत्य’चे कथानक अनेकांना ठाऊक असेल. उपनिरीक्षक अनंत वेलणकर (ओम पुरी) हा पोलिसाचाच मुलगा. बापाने आईवर हात टाकलेला त्याने लहानपणी मुकाट्याने पाहिला आहे आणि बापाच्याच हट्टाने, मनाविरुद्ध, तो खाकी वर्दीत शिरला आहे. रामा शेट्टी या गुंडाला राजकीय वरदहस्त असल्यामुळे वेलणकरला त्याच्यापर्यंत पोहोचता येत नाही. कामगिरी त्याची आणि श्रेय दुसऱ्याचे, असाही अनुभव येतो. साचलेला हा सारा संताप एके दिवशी बाहेर पडतो तो रेडिओ चोरल्याच्या संशयावरून धरून आणलेल्या एका भुरट्या चोरावर. मार इतका अमानुष होतो की माणूस कोठडीतच दगावतो. नोकरी वाचवायची तर शेट्टीचेच पाय धरायचे, अशी वेळ येते. वेलणकर त्याच्याकडे जातो, त्याचा गळा घोटतो आणि स्वतःहून पोलिसांच्या स्वाधीन होतो.

या चित्रपटाचे मोठेपण निर्विवाद आहे. कोठडीतल्या हिंसेची वंशावळ त्याने मांडली. बापाच्या हातातून मुलाच्या हातात आणि मुलाच्या हातातून कोठडीत ही हिंसा कशी उतरते, वर हात पोहोचत नाही म्हणून तो खाली कसा पडतो, हे त्याच्याआधी इतक्या स्पष्टपणे आपल्या पडद्यावर क्वचितच आले असेल. आपल्या समाजाच्या दृष्टीने एक गोष्ट विशेष नोंदण्यासारखी आहे. हिंदी चित्रपटांनी ख्रिस्ती माणूस बहुधा दारूच्या बाटलीसह हास्यासाठी वापरला. येथेही माइक लोबो (नसीरुद्दीन शाह) हा निलंबित अधिकारी दारूच्या आहारी गेलेला आहे, परंतु त्याला पाहून कोणाला हसू येत नाही. वेलणकरचा उद्या त्याच्यात दिसतो. व्यवस्थेने चघळून टाकलेला पोलीस कसा दिसतो, हे दाखवणारा तो आरसा आहे.

तरीही, आमच्या मते, चित्रपटाचे नाव त्याच्यावरच उलटते. वेलणकरचे बालपण, त्याचे प्रेम, त्याची दारू, दिलीप चित्रे यांच्या कवितेने हललेले त्याचे मन, हे सारे आपण जाणतो. कोठडीत मेलेल्या माणसाविषयी आपण काय जाणतो? त्याचे नाव किती प्रेक्षकांना आठवते? मारणाऱ्याची वेदना इतकी भरून राहते की मेलेल्याला जागा उरत नाही. त्यामुळे शेवटी शेट्टीचा गळा आवळला जातो तेव्हा प्रेक्षकाला हायसे वाटते. आमच्या धर्मग्रामातील युवकांना सभागृहात हा चित्रपट दाखवला, तेव्हा नेमक्या याच ठिकाणी टाळ्या पडल्या. रेडिओचोराच्या मृत्यूच्या वेळी सभागृह शांत होते. एकाच हाताने केलेल्या दोन हत्या : एकीला मौन, दुसरीला टाळी. दोन्ही प्रसंगी न्यायालयाला मधून वगळलेले आहे, हे चर्चेत निदर्शनास आणून द्यावे लागले.

ही टाळी सभागृहापुरती राहत नाही. ६ डिसेंबर २०१९ रोजी हैदराबादजवळ, एका तरुण पशुवैद्यक स्त्रीवरील अत्याचार व खुनाच्या प्रकरणातील चार संशयितांना पोलिसांनी पहाटे गोळ्या घातल्या. गुन्हा इतका भीषण होता की लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती वि. स. सिरपूरकर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. २०२२ मध्ये उघड झालेल्या अहवालाने चकमकीची कहाणी अविश्वसनीय ठरवली, ठार मारण्याच्या हेतूने जाणूनबुजून गोळीबार झाल्याचे म्हटले आणि चौघांपैकी तिघे अल्पवयीन होते असेही नोंदवले. तोवर फुले सुकून गेली होती. त्या चौघांनीच तो गुन्हा केला की नाही, हे आता न्यायासनासमोर कधीच सिद्ध होणार नाही. मृत तरुणीलाही न्याय मिळाला असे म्हणता येत नाही, कारण तिच्या प्रकरणात न्यायनिवाडा झालाच नाही.

आपल्या घटनाकारांना पोलिसाचा हात ठाऊक होता. त्यांच्यापैकी अनेकांनी तुरुंग भोगला होता. म्हणून बाविसाव्या अनुच्छेदात त्यांनी लिहून ठेवले की अटकेचे कारण सांगितले पाहिजे, वकिलाची भेट नाकारता येणार नाही, आणि चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ वगळून, माणसाला दंडाधिकाऱ्यांसमोर उभे केले पाहिजे. त्याच अनुच्छेदात प्रतिबंधक स्थानबद्धतेसाठी अपवादही ठेवला गेला, हे विसरून चालणार नाही. भिंत बांधताना खिंडारही ठेवले. पोलिसांपुढे दिलेली कबुली पुरावा म्हणून चालत नाही, हा नियम तर १८७२ च्या ब्रिटिशकालीन कायद्यापासूनचा आहे आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या पुरावा कायद्यातही तो कायम आहे. परकीय सरकारचादेखील आपल्या ठाणेदारांवर विश्वास नव्हता, याची ही लेखी कबुलीच म्हणायची. कस्टडीतील छळाविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर भारताने १९९७ मध्ये स्वाक्षरी केली. अनुसमर्थन मात्र अद्याप केलेले नाही.

आता ‘कोर्ट’कडे वळू. एक पोक्त लोकशाहीर, नारायण कांबळे, वस्तीत कार्यक्रम करीत असताना मंचावरच पोलीस त्याला धरतात. आरोप असा की त्याच्या गाण्यामुळे एका गटार सफाई कामगाराने आत्महत्या केली. कामगाराचा देह मॅनहोलमध्ये सापडलेला असतो. नागपूरचे आंबेडकरी कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी ही भूमिका केली. २०२१ मध्ये कोविडने त्यांचे निधन झाले. या चित्रपटात एकदाही कोणी कोणाला कोठडीत मारताना दिसत नाही. आरडाओरडा नाही, खलनायक नाही. कॅमेरा दूर उभा राहतो आणि न्यायालय जसे चालते तसे पाहतो. तारीख, पुढची तारीख, न मिळालेला अहवाल, न आलेला साक्षीदार. सरकारी वकील (गीतांजली कुलकर्णी) दुष्ट नाही. ती लोकलने घरी जाते, मुलांना जेवू घालते, नवऱ्याच्या पथ्याची काळजी घेते. त्याच त्या चेहऱ्यांचा तिला कंटाळा आला आहे. माणसाला एकदाचे आत टाकावे आणि मोकळे व्हावे असे तिला वाटते. मृताची पत्नी साक्षीला येते तेव्हा कळते की मरण पावलेल्याला कामावर सुरक्षेची साधनेच नव्हती. आत विषारी वायू आहे का, हे पाहण्यासाठी तो झुरळे बाहेर येतात की नाही याची वाट पाही. खटल्याचा सारा डोलारा या शांत साक्षीने कोसळतो. जामीन मिळतो. पुढे बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली कांबळेला पुन्हा अटक होते, आणि न्यायालय उन्हाळ्याच्या सुटीसाठी बंद होते. अखेरीस न्यायाधीशमहाराज सहलीला गेले असता बाकावर डुलक्या घेताना दिसतात.

काही समीक्षकांना हा अलिप्तपणा थंड वाटला. आम्हांला तो चित्रपटाचा सर्वांत सच्चा गुण वाटतो. ‘अर्धसत्य’ पाहून आपण वेलणकरकडे बोट दाखवू शकतो. ‘कोर्ट’ पाहिल्यावर कोणाकडे दाखवणार? प्रत्येक जण आपापले काम करतो आहे आणि त्या कामांच्या बेरजेत एका वृद्धाचे आयुष्य खर्ची पडते आहे. दिग्दर्शकाचे एक न्यून मात्र सांगितले पाहिजे. वकिलाच्या आणि सरकारी वकिलाच्या घरी तो आपल्याला नेतो, न्यायाधीशाच्या सुटीतही नेतो. शाहिराचे घर आणि कोठडीतले त्याचे दिवस मात्र दाराबाहेरच राहतात. म्हणजे ज्याचा हक्क गेला त्याच्यापासूनचे अंतर येथेही पुरते मिटत नाही.

हा चित्रपट आला तेव्हा काहींना तो अतिशयोक्त वाटला असेल. पुढे जे घडले ते आपल्या दारातच घडले. ८ ऑक्टोबर २०२० रोजी फादर स्टॅन स्वामी या त्र्याऐंशी वर्षांच्या येशूसंघीय धर्मगुरूंना रांची येथून अटक झाली. भीमा-कोरेगाव प्रकरणात त्यांच्यावर माओवाद्यांशी संबंधांचा आरोप होता. त्यांनी तो अखेरपर्यंत नाकारला. कंपवातामुळे हातात पेला धरता येत नाही म्हणून तळोजा कारागृहातून ६ नोव्हेंबरला त्यांनी स्ट्रॉ आणि सिपर मागितला. उत्तर देण्यासाठी तपासयंत्रणेने वीस दिवसांची मुदत घेतली. पुढची तारीख! मार्च २०२१ मध्ये विशेष न्यायालयाने जामीन नाकारला. ५ जुलै २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयात जामिनाची सुनावणी चालू असताना, वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात त्यांचे निधन झाल्याचे सांगण्यात आले. खटला सुरूच झाला नव्हता. ते दोषी होते की निर्दोष, हे कोणत्याही न्यायासनाने सांगितले नाही.

कायद्याच्या कोणत्या कलमाने हे शक्य होते, हे वाचकांनी जाणून घ्यावे. या कायद्यात २००८ साली घातलेल्या तरतुदीनुसार आरोप प्रथमदर्शनी खरा वाटण्यास वाजवी कारण असेल तर जामीन देता येत नाही. प्रथमदर्शनी चित्र कोणाचे? तपासयंत्रणेने रंगवलेले. आरोपपत्रासाठी एकशे ऐंशी दिवसांपर्यंत मुदत मिळते. अशा रीतीने शिक्षा आधी भोगून होते आणि निकाल मागाहून येतो, किंवा येतच नाही. दहशतवादाविरुद्ध कठोर कायदा नको असे आम्ही म्हणत नाही. निरपराध माणसे बाँबस्फोटांत मारली गेलेली मुंबईने पाहिली आहेत. परंतु कायदा जितका कठोर, तितका त्याच्यावरचा पहारा जागा हवा.

असे विषय निघाले की आपल्यातील काही भाविक म्हणतात, ‘फादर, आपण सोसावे, हक्कांची भाषा ख्रिस्ती माणसाला शोभत नाही.’ त्यांनी प्रेषितांची कृत्ये पुन्हा वाचावीत. चाबकाचे फटके मारण्यासाठी बांधले जात असता संत पौलाने शताधिपतीला विचारले की रोमी नागरिकाला चौकशीवाचून फटके मारणे कायद्याला धरून आहे काय. फिलिप्पै येथे गुपचूप सोडून देऊ लागले तेव्हा तो अडून बसला : उघड मारले, आता अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन बाहेर न्यावे. सुवार्तेसाठी मरणाची तयारी असलेला हा माणूस नागरिकत्वाचा हक्क मात्र सोडीत नाही. तो सोडला असता तर पुढच्या दुर्बळाच्या पाठीवर तोच चाबूक पडला असता.

‘कोर्ट’मधील एका तपशिलापाशी आम्ही वारंवार थांबतो. शाहिराने ते गाणे म्हटले असे सांगणारा साक्षीदार हा पोलिसांचा ठरलेला साक्षीदार आहे; तो अनेक खटल्यांत उभा राहतो. हा माणूस जन्माला का येतो? कायद्याने तर झडतीच्या वेळी त्या वस्तीतील दोन स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी पंच म्हणून हवेत. कारणाशिवाय पंच होण्यास नकार देणे हा अपराधच मानला आहे. डी. के. बसू खटल्यात १९९६ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेला आणि पुढे कायद्यात आलेला नियम सांगतो की अटकेच्या पंचनाम्यावर कुटुंबातील कोणाची किंवा वस्तीतील प्रतिष्ठिताची स्वाक्षरी हवी. ते प्रतिष्ठित म्हणजे आपणच : शिक्षक, बँकेतले कर्मचारी, धर्मग्राम समितीचे सभासद. पोलीस जीप गल्लीत शिरली की आपण खिडकी लावून घेतो, ‘कोर्टाच्या फेऱ्या कोण मारणार’ म्हणतो. मोकळी राहिलेली ती जागा मग ठरलेला साक्षीदार भरून काढतो.

‘अर्धसत्य’ने आपली टाळी दाखवली, ‘कोर्ट’ने आपला कंटाळा. दोन्ही चित्रपट आपल्या कुटुंबांनी, मोठ्या मुलांसह, एकत्र बसून पाहावेत असे आम्ही आवर्जून सुचवतो. आणि पुढच्या वेळी गल्लीत जीप थांबली, तर घरातील एका मोठ्या माणसाने खाली उतरावे. कोणाला नेत आहेत, कोणत्या कारणाने, कोणत्या ठाण्यात, हे नम्रपणे विचारावे. पंचनामा पूर्ण वाचावा. कोऱ्या कागदावर सही करू नये. आणि वाचून खरे वाटले तर आपले नाव, पत्ता घालून स्पष्ट अक्षरात सही करावी.