नादाचा नाद

संगीताच्या इतिहासात बुलढाणा जिल्ह्याचे नाव शोधू जाणाऱ्यास येथे एखाद्या गायकी घराण्याचा किंवा संस्थानी दरबाराचा दाखला सहसा मिळत नाही. मिळते ती एक लाखेची काळी तबकडी, मिनिटाला ७८ फेरे घेणारी आणि तीन-सव्वातीन मिनिटांत संपून जाणारी. मेहकरचे ना. घ. देशपांडे ह्यांची ‘शीळ’ ही कविता खामगावात जन्मलेल्या जी. एन. जोशी ह्यांनी स्वतः चाल लावून गायिली, १९३०नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ने ती मुद्रित केली, आणि मराठी भावगीत ह्या प्रकाराच्या आरंभाचा मान पुढे अनेक जाणकारांनी ह्याच ध्वनिमुद्रिकेस दिला. दोघांचाही जन्म १९०९ सालचा आणि दोघेही कायद्याचे पदवीधर. एकाने मेहकरात वकिलीचे दप्तर सांभाळीत कविता लिहिली, आणि दुसऱ्याने कायदा बाजूस ठेवून १९३८मध्ये त्याच कंपनीची नोकरी पत्करली व तीस वर्षांहून अधिक काळ इतरांचे गाणे यंत्रात उतरविण्यात घालविला. ज्या प्रश्नाचा विचार मला येथे करावयाचा आहे, त्याची दोन्ही टोके जोशी ह्या एका माणसात एकत्र आलेली असल्यामुळे मी त्याच्यापासून आरंभ केला.

प्रश्न असा, की ध्वनियंत्रांचा शौक करणारा मनुष्य संगीताचा शौकीन असतो, की यंत्राचा? मराठीने ह्या प्रश्नाची सोय एका शब्दातच करून ठेवली आहे. ‘नाद’ म्हणजे कानी पडणारा ध्वनी, आणि नाद म्हणजे सुटता सुटत नाही असा छंदही. शौकीनाला ह्यांपैकी कोणता नाद लागला आहे, हे बाहेरून ओळखणे कठीण, आणि ते त्याचे त्यालाही पुष्कळदा ठाऊक नसते.

आमच्या जिल्ह्यात ह्या शौकाची परंपरा वाटते तितकी अर्वाचीन नाही. खामगावच्या कापसाच्या बाजारपेठेत १८७० सालीच जलंबहून आगगाडीचा फाटा आला, आणि त्या फाट्यावरून सरकीच्या व गाठींच्या व्यापाराबरोबर मुंबईचे नवे जिन्नसही येऊ लागले. चावीचा फोनो त्यांतलाच एक. त्यानंतर रेडिओचे युग आले. १६ जुलै १९४८ रोजी नागपूरचे आकाशवाणी केंद्र सुरू झाले, तेव्हा तीनशेहून अधिक किलोमीटरवरच्या ह्या घाटावरच्या गावांत मध्यम लहरींवर ते केंद्र दिवसा क्षीण आणि रात्र पडल्यावर ठळक असे लागत असे, आणि ते अधिक स्पष्ट लागावे म्हणून छपरावर तांब्याच्या तारेची एरियल ताणणे, ती कोणत्या दिशेस बांधावी ह्याची खलबते करणे आणि पोस्टात जाऊन वर्षाचे लायसन भरणे हा घरोघरचा उद्योग होऊन बसला. एरियल बांधणारा तो गृहस्थ संगीताचा भक्त होता की तारेचा, असे त्यास कोणी विचारिले नसते; कारण तार बांधल्याशिवाय गाणे येत नव्हते, आणि गाणे आल्यावर तो तारेकडे पाहत नव्हता. साधन आणि साध्य ह्यांचा हा सहजसंबंध पुढे जसजशी यंत्रे निर्दोष होत गेली तसतसा शिथिल होत गेला, असे माझे निरीक्षण आहे. यंत्र सदोष असताना मनुष्य दोषातून गाणे ऐकत होता. यंत्र सुधारल्यावर तो गाण्यातून दोष ऐकू लागला.

यंत्र आणि संगीत ह्या दोन स्वतंत्र वस्तू असून त्यांपैकी एकीवर प्रेम करावे व दुसरीस केवळ वाहन मानावे, हा विचार दिसावयास उदात्त असला तरी इतिहासाच्या कसोटीस तो उतरत नाही. १९२५पूर्वी गायकास कर्ण्याच्या तोंडाशी उभे राहून गावे लागे, आणि त्या कर्ण्यास खर्ज व अतितार दोन्हीही धड पकडता येत नसत. म्हणून मंद आवाजाची वाद्ये मागे पडली आणि टिपेचे खणखणीत आवाज पुढे आले. तबकडीच्या अखेरीस गायिकेने इंग्रजीत आपले नाव उच्चारावे, ही प्रथाही मूळची कारखान्याच्या सोयीची, कारण मुद्रिका घडविल्या जात त्या जर्मनीतील हानोव्हर येथे, आणि तेथील कारागिरास गौहरजान कोणती व दुसरी कोणती हे कळावयाचे अन्य साधन नव्हते. अमेरिकेत १९१५पासून एडिसनच्या कंपनीने सभागृहांतून प्रयोग मांडले: गायिका आणि यंत्र आळीपाळीने गात आणि श्रोत्यांनी दोहोंतला भेद ओळखावयाचा. श्रोत्यांना तो ओळखता आला नाही म्हणून त्या काळी मोठा गवगवा झाला. परंतु ह्या प्रयोगांत गायिलेल्या ॲना केस ह्या गायिकेने पुष्कळ वर्षांनी सांगितले, की आपण आपला आवाजच यंत्राच्या आवाजाशी जुळवून घेत होतो. यंत्राने माणसाची नक्कल करण्याऐवजी माणसाने यंत्राची नक्कल केली. ‘शीळ’चे रूपही ह्याच नियमाने बांधलेले आहे. कडवी किती घ्यावीत, ध्रुपद किती वेळा आळवावे, तान कोठे आवरती घ्यावी, ह्या साऱ्यांवर तबकडीच्या तीन मिनिटांची मुकरर मुदत होती. आणि भावगीताचा जो सुटसुटीत, एकाच भावावर थांबणारा बांधा पुढे महाराष्ट्राने आपलासा केला, त्याचा एक जनक कवी, दुसरा गायक आणि तिसरा तो लाखेचा गोल तुकडा होता, असे म्हणण्यास मला संकोच वाटत नाही.

तेव्हा यंत्रावर प्रेम करणे हा अपराध नव्हे. जुन्या मुद्रिकांत तंबोरा जवळजवळ नसतोच, डग्ग्याचा घुमारा पुसट होऊन जातो, आणि गायकाचा श्वास तर कोठेच सापडत नाही. १९४८मध्ये अमेरिकेत मिनिटास ३३⅓ फेऱ्यांची दीर्घ मुद्रिका निघाली आणि काही वर्षांतच ती आपल्याकडे आली, तेव्हा हिंदुस्थानी संगीतास प्रथमच विलंबित लय यंत्रात मावण्याइतका अवकाश लाभला; अमीर खाँसाहेबांचा मारवा १९६०च्या सुमारास एलपीच्या एका संपूर्ण बाजूवर आला तो ह्या नव्या अवकाशामुळेच. १९६७ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही संतूर, बासरी आणि गिटार ह्यांची मुद्रिका तर आरंभापासूनच ध्वनिमुद्रिकेसाठी म्हणून कल्पिलेली होती, मैफलीचा उतारा म्हणून नव्हे, आणि तिच्या मागे उभे होते ते आमच्या खामगावचे जी. एन. जोशीच. ज्याने तीन मिनिटांच्या बंधनात स्वतः गायिले त्यानेच पुढे बंधन सैल झाल्यावर त्या मोकळीकीचे काय करता येईल हे दाखवून दिले. यंत्राचे मर्म जाणणारा आणि संगीतात मुरलेला असा एकच मनुष्य असू शकतो, ह्याचा ह्याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही.

असे असूनही आजच्या शौकीनांचा माझा जो परिचय आहे, तो मला निश्चिंत होऊ देत नाही. बुलढाणा, चिखली, खामगाव, मलकापूर ह्या गावांत असे कित्येक गृहस्थ आहेत, कोणी शिक्षक, कोणी अडत्ये, कोणी महसूल खात्यातून निवृत्त झालेले, की ज्यांच्या बैठकीच्या खोलीत व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर, हातांनी जुळविलेले सागवानी पेटीतले स्पीकर आणि विजेच्या चढउतारापासून त्या सर्वांचे रक्षण करणारा स्टॅबिलायझर मोठ्या मायेने मांडलेला असतो. ह्या मायेची मी थट्टा करू इच्छीत नाही. जळालेला ट्रान्सफॉर्मर स्वतः गुंडाळून पुन्हा उभा करणे, अकोल्या-जळगावच्या जुन्या बाजारातून मोडका टर्नटेबल पैदा करून त्याचा पट्टा बदलून तो चालता करणे, ह्यात जी चिकाटी व जे हस्तकौशल्य आहे ते सुतारकामाइतकेच प्रतिष्ठित आहे. परंतु अशा घरी संध्याकाळ काढली असता बहुधा असे घडते, की एक मुद्रिका लावली जाते, तिच्यातील घुंगरांचा किंवा डग्ग्याचा विवक्षित भाग येताच यजमान बोट वर करून लक्ष वेधितात, तो भाग सरताच सुई उचलली जाते आणि दुसऱ्या मुद्रिकेतील तसाच दुसरा भाग लावला जातो. दोन तासांत वीस मुद्रिकांची चाळीस-चाळीस सेकंदे ऐकून आपण बाहेर पडतो आणि एकही गीत संपलेले नसते. जी मुद्रिका यंत्राचे गुण खुलवीत नाही ती कपाटातून बाहेर येत नाही. मग ती अब्दुल करीम खाँसाहेबांची असो वा हिराबाईंची. माझ्या मते शौकाचा अधःपात येथे होतो. यंत्रावर पैसे खर्चण्यात तो नाही, यंत्राविषयी बोलण्यातही नाही. यंत्राच्या सोयीने संगीत निवडण्यात तो आहे. मनुष्याला जेव्हा स्वच्छ मुद्रित झालेल्याखेरीज दुसरे काही ऐकवेनासे होते, तेव्हा १९५०पूर्वीचे जवळजवळ सगळे संगीत त्याने आपल्या हातांनी गमाविलेले असते. संत गाडगेबाबांच्या अखेरच्या दिवसांतील कीर्तनाचे जे ध्वनिमुद्रण आज ऐकावयास मिळते, त्यात आवाज तुटक आहे आणि खरखरही आहे. पण ज्या वऱ्हाडाने हा आवाज मैदानात बसून ऐकला त्या वऱ्हाडात तो लावला असता खरखरीची तक्रार करणारा श्रोता मला अद्याप भेटलेला नाही.

ह्या शौकाचे एक रस्त्यावरचे रूप आहे, त्याविषयी फार लिहावेसे वाटत नाही. मंडपवाल्याचा कर्णा आणि भजनी मंडळाचा माइक ह्यांची जागा आता ट्रकवर रचलेल्या डीजेच्या भिंतींनी घेतली आहे, आणि मालकामालकांतील चढाओढ कोणाचा ‘बेस’ छातीत बसतो एवढ्यापुरतीच उरली आहे. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालून दिली. ती पाळली जाते की नाही हे वरातीच्या रस्त्यावर राहणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. येथे यंत्राने संगीतास गौण केले असे म्हणणेही अपुरे आहे. गीत कोणते आहे ह्याची विचारणाच तेथे कोणी करीत नाही.

मला खरी खंत आहे ती निराळीच, आणि ती ह्या सुसंस्कृत, अभिरुचिसंपन्न शौकीनांविषयी आहे. १९७०नंतर ह्या जिल्ह्यात जी यंत्रे आली, प्रथम स्पूलचे टेपरेकॉर्डर आणि मग कॅसेटचे डेक, त्यांतील बहुतेकांना दोन कामे येत होती: वाजविणे आणि मुद्रित करणे. आमच्या शौकीनांनी मुद्रणाची कळ दाबली ती रेडिओवरील चित्रपटगीते उतरवून घेण्यासाठी. त्याच काळात त्यांच्याच घराच्या मागल्या पडवीत जात्यावरची ओवी शेवटचे श्वास घेत होती. पिठाची गिरणी गावोगाव पोहोचली आणि जाते थांबले, जाते थांबले आणि ओवीही थांबली. भुलाबाईची गाणी म्हणणाऱ्या मुली मोठ्या होऊन सासरी गेल्या, दंडार पाहावयास माणसे मिळेनाशी झाली, पोळ्याच्या झडत्या म्हणणारे जुने गडी एकामागून एक गेले. पुणे जिल्ह्याच्या बाजूस गी प्वातव्हाँ आणि हेमा राइरकर ह्या अभ्यासकांनी खेडोपाडी हिंडून बायकांच्या लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या, आणि त्यांच्या सोबतीने बर्नार बेल ह्या ध्वनिशास्त्र जाणणाऱ्या फ्रेंच गृहस्थाने त्यांतील कित्येक गात्या आवाजात मुद्रित करून ठेविल्या. ते यंत्राचे जाणकार होते आणि यंत्र त्यांनी जात्यापाशी नेऊन ठेविले. आमच्याकडे यंत्र होते, जाते होते आणि जात्यावर बसणारी आई घरातच होती. फक्त ह्या तिघांची गाठ घालून द्यावी असे कोणाच्या मनात आले नाही. शौकीनाचे प्रेम कशावर आहे ह्याची रुजुवात करावयाची झाल्यास त्याच्या यंत्राची किंमत विचारू नये, त्याच्या कपाटातील मुद्रिकांची मोजदादही करू नये. त्याच्या यंत्रामुळे असा कोणता आवाज टिकला की जो एरवी टिकला नसता, एवढेच विचारावे.

ह्या विचारण्यास उत्तर देऊ शकला असा एक गृहस्थ मला चिखली तालुक्यात भेटला. शाळेत शिपाई होता, आता घरीच असतो. तरुणपणी बहिणीच्या लग्नात आलेल्या पाहुण्याचा टेपरेकॉर्डर एका पहाटेपुरता मागून घेऊन त्याने आपल्या मायची ओवी दळताना मुद्रित केली होती. अर्धा तास, एकच कॅसेट. पुढे माय गेली आणि कॅसेट राहिली. घरच्या लहान टेपवर ओवीचे शब्द कळत, पण शब्दांखाली चाललेली जात्याची घरघर त्या तीन इंची स्पीकरला पेलत नसे, आणि ती नसल्यामुळे माय जणू रिकाम्या हातांनी बसून गाते आहे असे त्याला वाटत राही. त्या घरघरीसाठी त्याने मोठा स्पीकर मिळविला, त्यास पेटी करून घेतली, ती बरोबर घुमेना म्हणून मोडून दुसरी केली. मग जुन्या ॲम्प्लिफायरच्या दुरुस्तीत लक्ष घातले आणि होता होता वीस वर्षांत तो पंचक्रोशीतला नामांकित जाणकार होऊन बसला. त्याच्याशी तासभर बोलणे झाले ते सर्व पेटीची खोली, कागदी शंकूचा ताण आणि विजेची गुरगुर कशी मारावी ह्यांविषयीच झाले. संगीत हा शब्द त्याच्या तोंडून एकदाही निघाला नाही.

नंतर त्याने दार लोटून घेतले, पंखा बंद केला आणि ॲम्प्लिफायर तापेपर्यंत आम्ही दोघे गप्प बसलो. कॅसेट सुरू झाली तेव्हा प्रथम शब्द आलेच नाहीत. दूर कोठे कोंबडा आरवला, दाण्यांची मूठ जात्याच्या तोंडात पडल्याचा आवाज झाला, आणि मग जमिनीतून यावी तशी ती घरघर हळूहळू खोलीत भरू लागली. त्याने माझ्याकडे न पाहताच म्हटले, “आयका. आता जातं आयकू येते.” आणि वरची पाळी एक पुरा फेरा फिरल्यावर त्याच्या मायने पहिली ओवी धरली.