पति-पत्नींच्या कर्तव्यांविषयीं पौलाच्या पत्रांतील दोन पाठ

ख्रिस्ती धर्मांत पति-पत्नींचीं परस्परांविषयींचीं कर्तव्यें कोणतीं, या प्रश्नावर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु त्यांतील बरेंचसें छापील प्रत पुढें ठेवूनच लिहिलेलें दिसतें. जुन्या पोथ्या काय सांगतात इकडे वाद करणारांपैकीं थोड्यांचेंच लक्ष जातें. म्हणून धर्ममताच्या खंडनमंडनांत न शिरतां दोन स्थळांचा केवळ पाठदृष्ट्या विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पहिलें स्थळ इफिसकरांस पत्राच्या पांचव्या अध्यायांतील. प्रचलित पाठांत बाविसाव्या श्लोकांत, स्त्रियांनीं आपापल्या पतींच्या अधीन असावें, अशी स्पष्ट आज्ञा आहे. परंतु इ. स. २०० च्या सुमाराची मानलेली, आज डब्लिन व मिशिगन येथें विभागून असलेली पपायरसाची पोथी, आणि चौथ्या शतकांतील व्हॅटिकन पोथी, या दोहोंत तेथें क्रियापदच नाहीं! सिनाईच्या पोथींत तें आहे, पण तृतीय पुरुषीं. उत्तरकालीन अनेक पोथ्यांत द्वितीय पुरुषीं. आणि वाक्यांतील त्याची जागाही सर्वत्र एक नाहीं. एकच शब्द असा रूप व स्थान बदलीत फिरूं लागला, म्हणजे तो मागाहून शिरला असावा अशी शंका घेणें भाग पडतें. जेरोमनेंही (मृत्यु इ. स. ४२०) आपल्या टीकेंत लॅटिन प्रतींतील हें क्रियापद ग्रीक पोथ्यांत नसल्याचें नमूद केलेलें आहे.

मग वाक्य पुरें व्हावें कसें? पाणिनीचा अभ्यास केलेल्यास याचें उत्तर शोधावें लागत नाहीं. पूर्वसूत्रांतील पद उत्तरसूत्रांत यावें त्याप्रमाणें येथें एकविसाव्या श्लोकांतील पदाची अनुवृत्ति आहे. आणि तेथील अर्थ सर्वांनीं एकमेकांच्या अधीन होत्सातें वागावें असा आहे. म्हणजे पत्नीचा धर्म हा त्या परस्पर-अधीनतेचाच पहिला प्रकार म्हणून सांगितलेला. लेखकानें (बहुधा सद्धेतूनें, वाक्य सोपें व्हावें म्हणून) क्रियापद घातलें आणि दोन श्लोकांचा सांधा तुटला. कित्येक छापील प्रतींत तर या दोहोंमध्यें नवें शीर्षकच बसविलेलें असतें. श्लोकांचे आंकडेसुद्धां रोबेर एस्तिएन या मुद्रकानें १५५१ सालीं घातलेले, पौलाचे नव्हत. डॉ. सुखटणकरांनीं १९३३ सालीं पुऱ्या केलेल्या आदिपर्वाच्या आवृत्तींत कठीण पाठास सुलभ पाठाहून अधिक मान दिला, तोच न्याय येथें लागू पडतो.

तथापि यावरून पत्नीची अधीनता ही लेखकांनीं रचलेली आहे असें जे म्हणतात, त्यांचें म्हणणें आम्हांस मान्य नाहीं. चोविसाव्या श्लोकांत ती पुन्हां आहेच, आणि कलस्सैकरांस पत्रांत क्रियापद पोथ्यांत स्पष्ट आहे. विशेष आहे तो प्रमाणाचा. स्त्रियांस तीन श्लोक, पुरुषांस जवळजवळ त्याच्या तिप्पट. आणि पतीनें पत्नीवर स्वदेहाप्रमाणें प्रीति करावी, तिच्यासाठीं स्वतःस अर्पण करावें, हें त्यांतील सार. पति-पत्नी, पिता-पुत्र, स्वामी-दास हीं तीन युग्में ॲरिस्टॉटलच्या ‘राजनीतीं’तही आहेत, परंतु तेथें विचार गृहस्वामीच्या सत्तेचा आहे. येथें पत्नी, मुलें व दास यांस थेट संबोधून, तेंही प्रथम, उपदेश केलेला आहे. (ज्या इफिस नगराचें नांव पत्रास मिळालें, तें नांवही वरील दोन्ही पोथ्यांच्या मूळ पाठांत नाहीं, ही गंमत जातां जातां सांगून ठेवतों.)

दुसरें स्थळ लहान, पण आमच्या मतें अधिक बोलकें. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायांत पतीनें पत्नीस व पत्नीनें पतीस काय द्यावें हें सांगितलें आहे. प्राचीन पोथ्यांत तेथें एकच शब्द: ऋण. बायझंटाईन परंपरेच्या पोथ्यांत त्याचें ‘योग्य तो सद्भाव’ असें झालें. शरीरसंबंधाचा उल्लेख उघड वाचण्यास संकोच वाटून हा फेर झाला असावा. पण त्यानें अर्थाचा घात केला. ऋण मागतां येतें. सद्भाव देणाऱ्याच्या खुषीवर राहतो. धर्मशास्त्र वाचणारास ऋण आणि दान यांतील अंतर सांगावयास नको. पुढच्याच श्लोकांत दोघांचाही आपापल्या देहावरील अधिकार परस्परांकडे दिलेला आहे, आणि तो अगदीं समान शब्दांत. तेथें ऋण हाच पाठ शोभतो. मनूनेंही नवव्या अध्यायांत आमरण परस्परनिष्ठा हा स्त्रीपुरुषांचा श्रेष्ठ धर्म म्हटला आहे. मात्र मनूचें तें वचन निष्ठेचें आहे, देण्याघेण्याचें नव्हे, म्हणून दोहोंची सांगड घालण्याची घाई करूं नये.

श्रीरामपुराचा मराठी नवा करार १८११ सालीं छापला गेला, तेव्हां सिनाईची पोथी विद्वानांच्या हातीं आली नव्हती व पपायरस वाळूंतच होता. तेव्हां त्या भाषांतरकारांस दोष देण्याचें कारण नाहीं. ज्या संग्राहकांपाशीं त्या काळच्या मराठी प्रती असतील, त्यांनीं हीं दोन स्थळें अक्षरशः उतरवून मंडळाकडे पाठवावीं.