‘हा मी बनवला’ : घरगुती ध्वनियंत्रांतील कर्तेपणाचा शोध

घरी ॲम्प्लिफायर जुळवणारा माणूस तो पाहुण्यांना दाखवताना एक वाक्य हमखास म्हणतो : ‘हा मी बनवला.’ वाक्य तीनच शब्दांचे आहे, पण त्यातले क्रियापद फार लवचीक आहे. बाजारातून तयार बोर्ड आणून पेटीत बसवणाराही ‘बनवला’ म्हणतो आणि महिनोन्‌महिने कागदावर आकडेमोड करून सर्किट रचणाराही ‘बनवला’च म्हणतो. कवितेच्या बाबतीत आपण इतके सैल नसतो. लिहिणे, भाषांतर करणे, संपादन करणे, नक्कल उतरवणे यांसाठी आपल्याकडे वेगळे शब्द आहेत आणि त्यांची सरमिसळ झाली तर आपण आक्षेप घेतो. ध्वनियंत्रांच्या या छंदातही असा भेद करता येईल का, आणि तो कशाच्या आधारावर करावा, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

छंदातली मंडळी सहभागाच्या पायऱ्या साधारणपणे अशा लावतात. सर्वांत खाली तयार वस्तू विकत घेणारा. त्याच्या वर तयार बोर्ड, ट्रान्सफॉर्मर आणि पेटी यांची जोडणी करणारा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत ज्याला ‘असेंबल करणे’ म्हणतात तो. त्यानंतर सुटे भाग आणि पुस्तिका असलेला किट घेऊन सोल्डरिंग करणारा. मग मासिकातला आराखडा पाहून भाग स्वतः जमवणारा. मग त्या आराखड्यात फेरफार करणारा. आणि सर्वांत वर, कोऱ्या कागदापासून स्वतःचे सर्किट रचणारा. शिडी सोयीची आहे. पण तिच्यात एक गृहीतक दडले आहे : जितके काम आपल्या हातून झाले, तितके कर्तेपण आपले. हे गृहीतक या छंदातल्याच काही गाजलेल्या लेखनावर घासून पाहिले, तर ते फार वेळ टिकत नाही.

आधी किटची पायरी पाहू. अमेरिकेतील हीथ कंपनीने दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराचे उरलेले सुटे भाग विकत घेतले आणि १९४७ मध्ये त्यांतून ऑसिलोस्कोपचा किट काढला. ‘हीथकिट’ हे नाव तेव्हापासून गाजले आणि पुढे त्यात ॲम्प्लिफायर, रेडिओ, दूरचित्रवाणी संच अशी भर पडत गेली. या किटची खरी कमाई तिची पुस्तिका होती. एकेका वाक्यात एकेक कृती. प्रत्येक कृतीपुढे खूण करण्यासाठी रिकामी जागा. कोणती तार किती लांब कापायची, कोणत्या टोकाला जोडायची, तिथे सोल्डर आताच लावायचे की आणखी तारा येईपर्यंत थांबायचे, हे सगळे सांगितलेले. पाककृतींच्या पुस्तकातही ‘चवीनुसार मीठ’ एवढी मोकळीक असते; इथे तीही नाही.

मात्र त्याच पुस्तिकेच्या शेवटी संपूर्ण सर्किटचा आराखडा, ते कसे चालते याचे विवेचन आणि बिघाड शोधण्याचा तक्ता असे. म्हणजे एकाच पुस्तिकेत दोन वाचक गृहीत धरलेले होते. एक खुणा करत शेवटच्या कृतीपर्यंत पोचणारा. दुसरा तिथून पुढची पाने उलटणारा. दोघांनी केलेले हातकाम अगदी सारखे, सोल्डरचे डागही तितकेच. शिडी दोघांना एकाच पायरीवर बसवते, कारण शेवटची पाने कोणी वाचली हे मोजण्याचे साधन तिच्याकडे नाही.

अर्थकारणही इथे लक्षात घ्यायला हवे. किट स्वस्त पडे, कारण जोडणीची मजुरी गिऱ्हाईक स्वतः करत असे. कारखान्यातली जोडणी यंत्रांवर होऊ लागली आणि तयार माल किटपेक्षा स्वस्त झाला, तेव्हा या व्यवहाराचा पायाच ढासळला. १९९२ मध्ये हीथने किट विकणे थांबवले. आपल्याकडे उदारीकरणापूर्वी परदेशी संच आयातकरामुळे आवाक्याबाहेर होते. त्यामुळे ‘असेंबल’ केलेला ॲम्प्लिफायर हा पुष्कळ घरांत छंद नव्हता, परवडणारा एकमेव मार्ग होता. गरजेतून जुळवणाऱ्याला शिडीच्या तळाशी बसवून हौसेने जुळवणाऱ्याला वर चढवणे हा न्याय मला संशयास्पद वाटतो.

दुसरा दाखला मासिकातल्या आराखड्याचा. १९४७ च्या एप्रिल आणि मे महिन्यांत ब्रिटनच्या ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात डी. टी. एन. विल्यमसन यांचा ॲम्प्लिफायर दोन भागांत प्रसिद्ध झाला. पंधरा वॉट शक्ती आणि ०.१ टक्क्याहून कमी विकृती ही त्या काळात थक्क करणारी कामगिरी होती. जगभर हौशी लोकांनी तो बांधला. त्याचे मर्म निगेटिव्ह फीडबॅकमध्ये होते : बाहेर पडणाऱ्या आवाजाचा काही अंश उलटा करून पुन्हा आत आणायचा आणि यंत्राच्या चुका यंत्राकडूनच दुरुस्त करून घ्यायच्या. विल्यमसनने या फेऱ्यात आउटपुट ट्रान्सफॉर्मरही घेतला. त्यामुळे ट्रान्सफॉर्मर जेमतेम चांगला असून भागत नसे. ज्यांनी सांगितलेल्या प्रतीच्या वाइंडिंगऐवजी बाजारात मिळाला तो ट्रान्सफॉर्मर बसवला, त्यांचा ॲम्प्लिफायर गाण्याऐवजी स्वतःच दोलायमान होऊन ओरडू लागण्याचा धोका असे.

हा लेख हीथच्या पुस्तिकेच्या नेमका उलट आहे. तो वाचकाचा हात धरत नाही. का, किती आणि कुठवर हे सांगतो आणि जोखीम वाचकावर सोडतो. ती जोखीम शब्दशः जिवाची होती. व्हॉल्व्हच्या या यंत्रात साडेचारशे व्होल्टच्या आसपास दाब खेळतो आणि वीज बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये तो काही काळ टिकून राहतो. इथे ‘मी बनवला’ या वाक्याला वजन येते. मात्र ते वजन हातकामाचे नाही, निर्णयाचे आहे. भाग बदलला तर परिणाम काय होईल हे ओळखून बदलणारा आणि न ओळखता बदलणारा, दोघेही शिडीच्या हिशेबात ‘फेरफार करणारे’च ठरतात.

फेरफाराच्या पायरीवर या छंदाचे सर्वांत मोठे दुखणे आहे. कंडेन्सर बदलला आणि आवाज ‘खुलला’, तार बदलली आणि ‘पडदा सरकला’, अशी वाक्ये या वर्तुळात सतत ऐकू येतात. त्यांत लबाडी नसते, पण पुरावाही नसतो. मायकेल नॉर्टन, डॅनियल मोचॉन आणि डॅन ॲरिएली यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दिसले की, स्वतः घडी घातलेल्या ओबडधोबड कागदी आकृत्यांना लोक तज्ज्ञांच्या आकृत्यांच्या जवळपास किंमत देतात. आणि इतरांनाही त्या तितक्याच मोलाच्या वाटतील असे समजतात. काम अर्धवट राहिले किंवा मोडून टाकले, तर मात्र हे प्रेम उरत नाही. ॲम्प्लिफायरला हे लागू केले तर निष्कर्ष बोचरा निघतो. माणूस जितका जास्त गुंततो, तितका त्याचा कान त्या यंत्रापुरता कमी विश्वासार्ह होतो. सहभागाची पायरी वाढते तशी साक्षीची किंमत घटते. म्हणूनच कोणता ॲम्प्लिफायर चालू आहे हे ऐकणाऱ्याला कळू न देता, दोघांचा आवाज समान पातळीवर आणून केलेली चाचणी हा या छंदातला प्रामाणिकपणाचा भाग ठरतो. ती करायला ज्ञानापेक्षा धैर्य जास्त लागते, कारण निकाल आपल्याविरुद्ध जाऊ शकतो.

जॉन लिन्सली हूड यांनी १९६९ मध्ये याच ‘वायरलेस वर्ल्ड’मध्ये चार ट्रान्झिस्टरांचा दहा वॉटचा ॲम्प्लिफायर दिला. तो ‘क्लास ए’ जातीचा होता, म्हणजे गाणे चालू असो वा नसो, वीज खाऊन सतत तापणारा. आवाजाच्या तुलनेसाठी त्यांनी कसोटी म्हणून विल्यमसनचाच ॲम्प्लिफायर घेतला. स्वतःचे काम दुसऱ्याच्या कामाशेजारी ठेवून पाहणे ही परंपरेशी वागण्याची प्रौढ रीत आहे.

आता शिडीची सर्वांत वरची पायरी. १९९०च्या दशकाच्या अखेरीस जपानच्या ‘फोर्टीसेव्हन लॅबोरेटरी’चा ‘गेनकार्ड’ बाजारात आला. मोजकेच भाग आणि हजार डॉलरहून अधिक किंमत. त्याच्या पोटात नॅशनल सेमिकंडक्टरची एलएम३८७५ ही चिप होती, आणि ती काही डॉलरला कोणालाही मिळत असे. हौशी लोकांनी लगेच तिच्याभोवती स्वतःचे ॲम्प्लिफायर बांधले. यात कर्ता कोण? गेनकार्डचा रचनाकार, नक्कल करणारा हौशी, की ट्रान्झिस्टरांची अख्खी वसाहत त्या इवल्या तुकड्यात आधीच बसवून ठेवणारा चिपचा अभियंता? कोऱ्या कागदाची पायरी इथे नुसती डळमळत नाही, ती मुळात होती का असाच प्रश्न पडतो. विल्यमसननेही व्हॉल्व्ह स्वतः फुंकून घडवले नव्हते.

मग शिडीऐवजी काय? आपल्याकडे एक चांगला नमुना आहे, तो बंदिशीचा. बंदिश गुरूकडून येते, तिची रचना बहुधा दुसऱ्याचीच असते, तरी गाणाऱ्याला कोणी नक्कलकार म्हणत नाही. बंदिशीच्या चौकटीत त्याने कोणत्या जागा घेतल्या, का घेतल्या आणि तालातून निसटल्यावर समेवर परत कसा आला, यावरून त्याची कुवत ठरते. अमेरिकन रचनाकार नेल्सन पास यांचे लेखन या वृत्तीच्या जवळ जाते. १९९४ मध्ये त्यांनी ‘झेन’ हा ॲम्प्लिफायर मासिकातून सर्वांना खुला केला. त्यात ध्वनी वाढवण्याचे काम एकाच ट्रान्झिस्टरकडे होते. पुढे त्याच कल्पनेची वेगवेगळी रूपे ते प्रसिद्ध करत राहिले. एक छोटी चौकट आणि तिचा विस्तार. वाचकाला त्यात आज्ञा नसते, आमंत्रण असते.

या नमुन्यावरून सहभाग मोजायचा तर तीन प्रश्न पुरेत. यातला कोणता निर्णय माझा होता, आणि तो का घेतला हे मला सांगता येते का? यंत्र चांगले वाजते हे मी कशावरून म्हणतो, आणि ते खोटे ठरण्याची संधी मी दिली का? ते बंद पडले तर बिघाड कुठे आहे हे मला शोधता येईल का? तयार बोर्ड जुळवणारा कारागीर तिसऱ्या प्रश्नात अनेक रचनाकारांना मागे टाकेल. किट बांधणारा, पुस्तिकेची शेवटची पाने वाचली असतील, तर पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नांना सामोरा जाऊ शकेल. आणि महागडे भाग बसवून नुसत्या कानाच्या साक्षीवर थांबणारा दुसऱ्याच प्रश्नाला अडखळेल.

तिसरा प्रश्न आज सर्वांत निकडीचा आहे. आपल्या घरातली बहुतेक ध्वनियंत्रे आता चिकटवून बंद केलेली असतात. उघडली की मोडतात आणि मोडली की फेकली जातात. अशा काळात घरी ॲम्प्लिफायर बांधण्याचे मोल त्याच्या आवाजात फारसे नाही. तयार संचही उत्तम वाजतात. मोल आहे ते एक तरी यंत्र आतून ओळखीचे असण्यात. मध्येच हम येऊ लागला तर मल्टिमीटर घेऊन एकेक टप्पा मागे जात दोष गाठणे, ही त्या ओळखीची परीक्षा. ती ज्याने दिली त्याने ‘हा मी बनवला’ असे बेलाशक म्हणावे, मग सोल्डरचे डाग कोणीही दिलेले असोत.