ग्रीक भाषेची ओढ आणि आपली ‘चूक’

प्राचीन ग्रीक भाषा का शिकावी, या प्रश्नाला आपल्याकडे जी उत्तरे दिली जातात ती बहुधा त्या भाषेच्या वैभवाविषयीची असतात. होमर, सोफोक्लीस, प्लेटो आणि ॲरिस्टॉटल ज्या भाषेत लिहून गेले ती भाषा थोर असणारच, हे कोण नाकारील? परंतु थोरवीला दुरून वंदनही करता येते. केवळ तिच्यापायी कोणी चाळिशी उलटल्यावर क्रियापदांची रूपे घोकीत बसत नाही. मी बसले, त्याला कारण झाला एक शब्द, आणि त्या शब्दाविषयी माझ्याच हातून पूर्वी घडलेला प्रमाद.

पंचविशीत असताना मी सोफोक्लीसच्या ‘राजा ईडिपस’चे मराठी भाषांतर केले होते, अर्थात इंग्रजीवरून. त्याला त्या वयाला शोभेल अशी लांबलचक प्रस्तावनाही जोडली होती. ॲरिस्टॉटलने ‘काव्यशास्त्रा’च्या तेराव्या प्रकरणात शोकांत नायकाच्या पतनाचे कारण म्हणून जी ‘हामार्तिया’ सांगितली आहे, तिचा अर्थ मी ‘स्वभावदोष’ असा दिला आणि मग ईडिपसचा संताप, त्याचा उतावळेपणा, त्याचा बुद्धीचा अभिमान यांची यादी करून प्रत्येकाला नाटकातील एकेक प्रसंग चिकटवून दिला. प्रस्तावनेची तेव्हा प्रशंसा झाली. पुढे अनेक वर्षांनी एका निवृत्त धर्मगुरूंकडे मी ग्रीकचे पाठ घेऊ लागले, आणि ‘इलियड’मधील एका युद्धप्रसंगात तो शब्द क्रियापदाच्या रूपात मला प्रथम भेटला. तेथे एका योद्ध्याने फेकलेला भाला दुसऱ्याला लागत नाही, एवढाच त्याचा अर्थ होता.

या शब्दाकडे परत येण्यापूर्वी तेथवरच्या वाटेविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण ती वाट भारतीय वाचकाला वाटते तितकी परकी नाही. संस्कृत व्याकरणाशी ज्याचा थोडाफार परिचय आहे, त्याला ग्रीकच्या आरंभीच्या पाठांतच घरची माणसे भेटू लागतात. भूतकाळी क्रियापदामागे लागणारा अडागम येथे आहे, परोक्ष भूतातील द्वित्व आहे, द्विवचन आहे, विध्यर्थही आहे. यजमान स्वतःसाठी यज्ञ करतो तेव्हा ‘यजते’ आणि ऋत्विज दुसऱ्यासाठी करतो तेव्हा ‘यजति’, हा पाणिनीने नोंदविलेला भेद ग्रीकमध्ये जिवंत आहे. ‘लुओ’ म्हणजे मी सोडतो. त्याचेच आत्मनेपदी रूप ‘लुओमाइ’ म्हणजे मी मोल देऊन माझ्या माणसाला सोडवून घेतो. ‘इलियड’च्या पहिल्या सर्गात वृद्ध पुरोहित क्रिसीस आपल्या कन्येसाठी येतो आणि चोविसाव्या, म्हणजे अखेरच्या, सर्गात वृद्ध प्रायाम आपल्या पुत्राच्या शवासाठी येतो. दोघेही कशासाठी आले हे सांगणारे रूप तेच, आत्मनेपदीच. महाकाव्याच्या दोन टोकांना दोन बाप एकाच शब्दात उभे राहतात. आधुनिक मराठीत आत्मनेपद उरलेले नाही हे खरे, पण ‘सोडणे’ आणि ‘सोडवून घेणे’ यांतील अंतर आपले ‘घेणे’ अजून सांभाळून आहे. हे ध्यानात आले त्या दिवशी मला ग्रीकविषयी जितका आनंद झाला तितकाच मराठीविषयीही झाला.

मात्र ही जवळीक फसवीही आहे. ‘झेउस’ आणि वैदिक ‘द्यौः’ हे एकाच मुळाचे. म्हणून ‘थेऑस’ आणि ‘देव’ हेही एकाच मुळाचे असतील असे कोणासही वाटेल. ते तसे नाहीत. अर्थ एक, वंश निराळे. संस्कृतच्या लुङ् लकाराशी रूपाने जुळणारा ग्रीक आओरिस्ट हाही असाच चकवा आहे. घटना अलीकडची की जुनी, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. ती एक अखंड घटना म्हणून पाहिली आहे, एवढेच तो सांगतो. संस्कृतज्ञाला येथे पुष्कळ विसरावे लागते, आणि ते विसरणे नव्याने शिकण्यापेक्षा कठीण जाते.

मला सर्वाधिक गुंतवून ठेवले ते ग्रीकमधील चिमुकल्या अव्ययांनी. मेन, दे, गे, दे यांतील शेवटचा ‘दे’ दीर्घ, आणि दुसऱ्याहून अगदी निराळा. या अव्ययांवर जे. डी. डेनिस्टन यांनी १९३४ साली एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीची पृष्ठे सहाशेहून अधिक भरतात. प्लेटोच्या संवादांत सॉक्रेटीसचा मानभावीपणा, समोरच्याला दिलेली सवलत, हळूच घेतलेला चिमटा, हे सारे या अव्ययांत असते. इंग्रजी भाषांतरकाराला त्यांतील निम्मी गाळावी लागतात. आपल्याला तसे करण्याचे कारण नाही. ‘तर’, ‘च’, ‘तरी’, ‘ना’, ‘की’, ‘बरे’ यांवाचून मराठी माणूस दोन वाक्ये बोलू शकत नाही. तरीही मराठीत अवतरलेला सॉक्रेटीस वकिली नोटिशीसारखा बोलताना आढळतो, कारण तो इंग्रजी गाळणीतून आलेला असतो.

आता ‘हामार्तिया’. तिचे क्रियापद ‘हामार्तानेइन’. नेम चुकणे, वाट चुकणे, समजण्यात चुकणे असा त्याचा विस्तार आहे. पुढे ख्रिस्ती ‘नव्या करारा’च्या ग्रीकमध्ये तोच शब्द ‘पाप’ या अर्थी स्थिरावला. ॲरिस्टॉटल त्या काळाच्या पुष्कळ आधीचा. ‘नीतिशास्त्रा’च्या पाचव्या भागात तो तीन गोष्टी वेगळ्या करतो : अकल्पितपणे घडलेली हानी, अज्ञानामुळे पण दुष्टबुद्धीवाचून घडलेली हानी, आणि जाणूनबुजून केलेला अन्याय. मधल्या प्रकाराला त्याने योजलेला शब्द ‘हामार्तिया’च्याच कुळातला आहे. मग ‘स्वभावदोष’ आला कोठून? माझ्यापुरते सांगायचे तर तो शेक्सपिअरकडून आला. ब्रॅडलीचा शेक्सपिअरवरील ग्रंथ १९०४ साली प्रसिद्ध झाला, आणि नायकाच्या स्वभावातच त्याच्या नाशाचे बीज शोधण्याची सवय आपल्या विद्यापीठांतून पिढ्यान्‌पिढ्या जोपासली गेली. ती सवय आम्ही ईडिपसवर लादली. ई. आर. डॉड्स यांनी १९६६ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात या वाचनाचे चांगलेच वाभाडे काढले आहेत. मी प्रस्तावना लिहिली तेव्हा तो निबंध उपलब्ध होता, मी वाचला नव्हता.

आणि या सर्व काळात मराठीपाशी शब्द होता. प्राकृतातील ‘चुक्क’पासून आलेला आपला ‘चुकणे’ पाहा. नेम चुकतो, वाट चुकते, गाडी चुकते, जत्रेत चुकामूक होते, हिशेब चुकतो, आणि माणूसही चुकतो. ग्रीक शब्दाचा जवळजवळ सारा पल्ला येथे आहे. शिवाय मराठीने असे काही दिले आहे जे ग्रीकमध्येही नाही. ‘चुकवणे’ म्हणजे टाळणे. ईडिपस कॉरिंथ सोडतो ते भाकीत चुकवण्यासाठी. आणि जे चुकवायला तो निघाला, त्याच्याच दिशेने त्याची पावले पडतात. मरण कोणाला चुकले आहे, असे आपण म्हणतो तेव्हा हेच क्रियापद अटळतेच्या बाजूने साक्ष देते. या नाटकासाठी याहून समर्पक शब्द मागूनही मिळाला नसता.

‘चूक’ हा शब्द फार हलका आहे, शाळकरी मुलाच्या वहीतला आहे, असा आक्षेप एका विद्वान स्नेह्यांनी घेतला. आक्षेप रास्त आहे, पण मला तो ‘चूक’च्या बाजूचा वाटतो. ग्रीकमध्येही तो शब्द रोजच्या वापरातलाच होता. एवढ्या साध्या शब्दाने एवढा मोठा विनाश घडावा, हीच तर ॲरिस्टॉटलच्या विधानातील भीषणता आहे. ‘स्वभावदोष’ म्हटले की प्रेक्षक सुटकेचा निःश्वास टाकतो, कारण तो दोष आपल्यात नाही असे त्याला सहज मानता येते. ‘हामार्तिया’ची व्याप्ती निव्वळ अज्ञानापुरती मर्यादित करू नये, असे स्टिंटन यांनी १९७५ साली प्रतिपादन केले आहे आणि त्यात तथ्य आहे. पण व्यापकपणाची ही सोयही ‘चूक’मध्ये आहे. ‘स्वभावदोषा’त ती नाही.

ग्रीक आणि भारतीय शब्दांची अशी समोरासमोर गाठ पूर्वी पडली होती, तेव्हा मध्ये तिसरी भाषा दुभाषी म्हणून उभी नव्हती. १९५८ साली कंदाहार येथे अशोकाचा द्विभाषिक लेख सापडला. वर ग्रीक, खाली आरामाईक. त्या ग्रीक मजकुरात अशोकाच्या ‘धम्मा’साठी ‘एउसेबेइया’ हा शब्द आहे. देव, वडीलधारी माणसे, पूज्य गोष्टी यांच्याविषयीचा आदर, असा त्याचा अर्थ. कायद्याचा ‘नॉमॉस’ किंवा न्यायाचा ‘दिके’ त्या अनामिक अनुवादकाने निवडला नाही. खालच्या आरामाईकमध्ये मात्र सत्य या अर्थाचा शब्द आहे. एकाच शिळेवर एका शब्दाची दोन उत्तरे कोरलेली पाहिली की अनुवादकाला थोडा धीर येतो. माझे मत विचाराल तर मला ग्रीक उत्तर अधिक पटते. त्यात धम्माचे तत्त्वज्ञान कमी झाले असेल, पण आचरण शिल्लक राहिले.

सध्या मी ‘अँटिगनी’चा अनुवाद मूळ ग्रीकवरून करीत आहे आणि माणसाच्या कर्तृत्वावरील त्यातील सुप्रसिद्ध समूहगीतापाशी अडले आहे. तेथे माणसाला ‘देइनॉन’ म्हटले आहे. भीतिदायक, अद्भुत आणि विलक्षण चतुर, असे तिन्ही अर्थ त्या शब्दात एकत्र नांदतात. प्लेटोच्या ‘ॲपॉलॉजी’त आपण बोलण्यात ‘देइनॉस’ असल्याचा आरोप सॉक्रेटीस थट्टेने परतवतो, तेथे तिसरा अर्थ वर येतो. मी ‘अद्भुत’ लिहून पाहिले, त्यातून भीती निघून गेली. ‘अघोर’ लिहिले, तर कौतुक गेले. मग कानावर आला तो ज्याच्यावर शुद्ध भाषेचे अभिमानी सदैव रागावतात तो शब्द : ‘भयंकर’. ‘भयंकर हुशार’, ‘भयंकर आवडले’ असे म्हणणारी आपली मुले नकळत अथेन्सच्या बोलीजवळ जाऊन पोहोचली आहेत. गेल्या महिन्यात काही नटांसमोर मी ते गीत वाचून दाखविले. ‘माणसाइतके भयंकर काही नाही’ या ओळीला दोघे हसले आणि एक वृद्ध नट गप्प बसला. दोन्ही प्रतिसाद मला हवे आहेत. पण ते एकाच प्रेक्षकाकडून, एकाच क्षणी यावेत असे वाटते. तूर्त हस्तलिखितात तो शब्द शिसपेन्सिलीनेच लिहून ठेवला आहे.