वीरगीताचा साचा आणि अल्बेनियन उठाव

सशस्त्र उठाव ही राजकीय घटना असली, तरी समाजाच्या स्मृतीत ती कथनरूपानेच शिल्लक राहते. हे कथन कोणत्या रूपबंधातून घडते आणि तो रूपबंध कोणाला बोलू देतो, हा प्रश्न समीक्षेच्या कक्षेतला आहे. कोसोव्होतील अल्बेनियनांच्या लढ्याच्या संदर्भात तो विशेष अर्थपूर्ण ठरतो. कारण या लढ्याच्या अहिंसक पर्वाचे नेते इब्राहिम रुगोव्हा हे स्वतः साहित्यसमीक्षक होते. पॅरिसमध्ये रोलाँ बार्थ यांच्या सान्निध्यात अध्ययन केलेले रुगोव्हा कोसोव्होतील लेखकसंघाच्या अध्यक्षपदावरून 1989 मध्ये राजकारणात आले. समांतर शाळा, समांतर दवाखाने आणि संयम हे त्यांच्या प्रतिकाराचे स्वरूप होते. या प्रतिकारात नाट्य नव्हते, म्हणून त्याला गीतही लाभले नाही. 1995 च्या डेटन कराराने कोसोव्होचा प्रश्न बाजूला ठेवला, तेव्हा या संयमाची वाङ्मयीन उणीव राजकीय पराभवात परिणत झाली. कोसोव्हो मुक्तिसेनेने ती पोकळी भरली, ती शस्त्रांनी आणि त्याचबरोबर एका जुन्या कथनाने.

या कथनाचा केंद्रबिंदू म्हणजे प्रेकाझ. मार्च 1998 मध्ये सर्बियन पोलीसदलांनी या गावातील आदेम जशारी यांच्या घराला वेढा घातला. जशारी आणि त्यांच्या कुटुंबातील स्त्रिया व मुले यांच्यासह पन्नासाहून अधिक माणसे मारली गेली. शरण न जाणारा वीर, वेढलेले घर आणि दिलेला शब्द हे लोकमहाकाव्यातील आदिबंध येथे आयते उपलब्ध होते. पुढे ते घर स्मारक झाले, आणि प्रिश्टिनाच्या विमानतळाला जशारींचे नाव मिळाले. मात्र हौतात्म्याच्या संकल्पनेत निवड गृहीत असते. मुलांनी ती निवड केलेली नव्हती. वीरकथेने ती त्यांना मरणोत्तर बहाल केली. त्यांच्या हत्येची जबाबदारी या वाचनाने तसूभरही कमी होत नाही. परंतु बळी आणि वीर यांतील भेद पुसून टाकणे ही या रूपबंधाची मूलभूत क्रिया आहे, हे मात्र त्यातून स्पष्ट होते.

इस्माईल कादारे यांची 1998 मधील कोसोव्होविषयक तीन शोकगीतांची गद्यकृती नेमक्या याच ठिकाणी महत्त्वाची ठरते. 28 जून 1989 रोजी मिलोशेविच यांनी ज्या लढाईच्या सहाशेव्या स्मरणदिनी गाझिमेस्तान येथे भाषण केले, ती 1389 ची लढाई हाच या कृतीचा विषय आहे. कादारे यांच्या निवेदनात सर्ब आणि अल्बेनियन एकाच बाजूने लढतात व एकत्रच पराभूत होतात. दोन्हींकडील गायक निर्वासित म्हणून सोबत भटकतात, एकमेकांना आधार देतात. आणि परक्या सरदाराच्या मेजवानीत गाण्याची वेळ आली की परस्परांविरुद्धची जुनीच वैरगीते गातात. त्यांच्या मनात या क्षणी वैर नसते; ते साच्यात असते. मौखिक परंपरेतील सूत्रबद्धतेचे जे विवेचन मिलमन पॅरी आणि आल्बर्ट लॉर्ड यांनी युगोस्लाव्हियातील गायकांच्या आधारे केले, त्याची शोकात्म बाजू कादारे येथे उभी करतात. सूत्र गायकाच्या स्मृतीला आधार देते, तसेच तिला जखडूनही ठेवते.

याच लेखकाने 1999 मध्ये नाटोच्या हस्तक्षेपाची जाहीर पाठराखण केली. या दोन भूमिकांत विसंगती शोधणे सोपे आहे. परंतु ते वाचन उथळ ठरेल. गीताचा साचा बंदिस्त असतो हे ओळखणे वेगळे आणि प्रत्यक्ष हिंसेसमोर तटस्थ राहणे वेगळे. कृतीची मर्यादा अन्यत्र आहे. तिच्यात गाणारे आणि लढणारे यांनाच मुख्यत्वे आवाज लाभतो. जून 1999 नंतर सूडाच्या भयाने कोसोव्हो सोडणारे सर्ब व रोमा यांच्यासारख्यांचे दुःख या सममित रचनेत सहज सामावत नाही.

साचा स्थलांतरित कसा होतो, हे 2001 मध्ये मॅसिडोनियात दिसले. तेथील सरकारी सैन्याविरुद्ध उठलेल्या अल्बेनियन संघटनेची आद्याक्षरे कोसोव्होतील संघटनेचीच होती. केवळ शेवटच्या अक्षराचा विस्तार बदलला आणि ‘कोसोव्हो’च्या जागी ‘राष्ट्रीय’ हा शब्द आला. चिन्ह तेच राहिले, चिन्हित विस्तारले. शेवट मात्र महाकाव्याला साजेसा झाला नाही. 13 ऑगस्ट 2001 च्या ओह्रिड करारात सीमा बदलल्या नाहीत. किमान 20 टक्के लोकसंख्येची भाषा असेल तेथे तिला अधिकृत वापराचा हक्क मिळाला. जशारींच्या घराप्रमाणे या कलमाचे स्मारक होणे कठीण आहे. तरीही न्यायालयात, कचेरीत, नगरसभेत स्वतःच्या भाषेत बोलता येणे, हेच त्या उठावाचे टिकाऊ फलित होय. वीरगीताला ते गाता येत नाही. ही त्या फलिताची नव्हे, वीरगीताची मर्यादा आहे.