फिरते घर आणि मागे राहणारा

उतारवयात घरदार सोडून प्रवासाला निघालेले एक जोडपे आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात अब्राहाम हारान सोडून निघतो तेव्हा त्याचे वय ७५ वर्षांचे आहे. सारा त्याच्याहून १० वर्षांनी लहान. ज्या वयात माणसाने अंगणात खुर्ची टाकून नातवंडांची वाट पाहायची, त्या वयात हे दोघे तंबू गुंडाळून अनोळखी देशाच्या वाटेला लागतात. पुढे उभ्या आयुष्यात त्यांना पक्के घर असे लाभत नाही. तंबू हेच घर आणि वाट हाच पत्ता.

या तंबूची आठवण होण्याचे निमित्त दोन अमेरिकन चित्रपटांचे आहे. तिकडे निवृत्तीनंतर मोटारहोम घेऊन देश पाहायला निघणे, हे मध्यमवर्गीय पतिपत्नींचे आयुष्यभर जपलेले स्वप्न असते. मोटारहोम म्हणजे बसएवढ्या गाडीत बसवलेले घर. त्यात बिछाना, शेगडी, न्हाणीघर असा सारा संसार असतो. आयोवा राज्यातील फॉरेस्ट सिटी या लहानशा गावात विन्नेबागो कंपनीने १९६६ साली अशा गाड्या बनवायला आरंभ केला आणि पुढे हे नाव मोटारहोमचे दुसरे नावच होऊन बसले. आपल्या दोन्ही चित्रपटांतील गाड्या विन्नेबागोच आहेत. अलेक्झांडर पेन यांचा 'अबाउट श्मिट' २००२ सालचा, तर इटालियन दिग्दर्शक पाओलो विर्झी यांचा 'द लेझर सीकर' २०१७ सालचा. पहिला बोचरा, काहीसा विक्षिप्त आणि वरवर पाहता निराशावादी; दुसरा हळुवार, प्रेमळ, डोळ्यांत पाणी आणणारा. असे असूनही ख्रिस्ती वाचकाच्या मनाला अधिक जवळचा कोणता, या प्रश्नाचे माझे उत्तर पहिल्या पसंतीच्या उलट निघाले. ते का, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

'द लेझर सीकर' हे चित्रपटातील जुनाट मोटारहोमचेच लाडके नाव. जॉन हा साहित्याचा निवृत्त शिक्षक. स्मृतिभ्रंशाने त्याला ग्रासले आहे. हेमिंग्वेवर तो उपाहारगृहातील परिचारिकेलाही तासभर व्याख्यान देऊ शकतो, परंतु स्वतःच्या मुलांची नावे त्याला सापडत नाहीत. पत्नी एला कर्करोगाने आजारी आहे. रुग्णालयात दाखल होण्याऐवजी ती मुलांना न सांगता नवऱ्याला गाडीत बसवते आणि दोघे मॅसॅच्युसेट्सहून दक्षिणेकडे, फ्लोरिडातील की वेस्टच्या दिशेने निघतात. तिथले हेमिंग्वेचे घर जॉनला दाखवायचे आहे. डोनाल्ड सदरलंड आणि हेलन मिरेन या दोन थोर कलावंतांनी हे जोडपे असे उभे केले आहे की, पन्नास वर्षांच्या सहवासाची ऊब प्रत्येक नजरेतून जाणवावी.

चित्रपटातील सर्वांत सुंदर प्रसंग रात्रीचे आहेत. वाटेत मुक्कामाच्या जागी एला चादरीचा पडदा टांगते आणि जुन्या पारदर्शिका दाखवते. ही मुले, हा समुद्रकिनारा, हे आपण दोघे. हळूहळू शेजारच्या तंबूंतील अनोळखी माणसेही येऊन उभी राहतात. ज्याची आठवण हरवली आहे त्याच्यासाठी दुसऱ्या कोणी आठवण धरून ठेवावी, हा प्रेमाचा केवढा खोल अर्थ! 'हे माझ्या स्मरणार्थ करा' या वचनाभोवती ज्यांची उपासना उभी आहे, त्या आपल्याला हे दृश्य वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

दोन्ही चित्रपटांत एक विलक्षण साम्य आहे. जॉन भ्रमाच्या भरात पत्नीला शेजारीण समजतो आणि जुने पाप त्याच्या तोंडून बाहेर पडते. संतापलेली एला त्याला वृद्धाश्रमात सोडून देते आणि मग परत घेऊनही येते. तिकडे वॉरन श्मिटला पत्नीच्या मृत्यूनंतर कपाटात तिची जुनी प्रेमपत्रे सापडतात. लिहिणारा त्याचाच मित्र. म्हणजे दोन्हीकडे क्षमा करायची आहे ती अशा जोडीदाराला, जो क्षमा मागू शकत नाही. एकाला आपण काय केले हे आठवत नाही, दुसरी या जगात नाही. विवाहातील क्षमेची याहून कठीण परीक्षा मला तरी सुचत नाही.

इथवर दोन्ही कलाकृती तुल्यबळ आहेत. मतभेद शेवटाशी आहे. की वेस्टला पोहोचल्यावर एला कोसळते. रुग्णालयातून दोघे निसटतात. त्या रात्री ती नवऱ्याला झोपेच्या गोळ्या देते, स्वतः घेते, गाडीचा धूर आत सोडते आणि त्याच्या शेजारी आडवी होते. मुलांसाठी चिठ्ठी ठेवलेली असते. दिग्दर्शक हे सारे प्रेमाची परिपूर्ती म्हणून दाखवतो. मायकल झडूरियन यांच्या २००९ सालच्या मूळ कादंबरीतही शेवट हाच आहे; मात्र तिथे जोडपे डेट्रॉइटहून जुन्या 'रूट ६६'ने डिस्नेलँडला जाते. मुक्काम बदलून हेमिंग्वेचे घर निवडताना, ज्याने १९६१ मध्ये स्वतःचे आयुष्य स्वतः संपवले त्या लेखकाची छाया चित्रपटावर पडली आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

इथे धर्मशिक्षकाची छडी उगारण्याचा माझा हेतू नाही. किंबहुना एलाच्या प्रवासाबद्दल ख्रिस्तसभेची तक्रार असण्याचे कारण नाही. असह्य आणि निष्फळ उपचार घेतलेच पाहिजेत असे बंधन माणसावर नाही, हे पोप बारावे पायस यांनी १९५७ मध्येच डॉक्टरांसमोर स्पष्ट केले होते आणि १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथातही तेच आहे. उपचार नाकारून नवऱ्याबरोबर समुद्र पाहायला जाणे हे जीवनाला दिलेले 'हो' असू शकते. आणि भीतीने, वेदनेने ग्रासलेल्या माणसाच्या हातून शेवटी जे घडते, त्याबद्दल त्याचा निवाडा करू नये, त्याच्या तारणाची आशा सोडू नये, असेही तोच ग्रंथ शिकवतो. एलाबद्दल मला करुणाच वाटते. मुले आपल्याला एका ठिकाणी आणि नवऱ्याला दुसऱ्या ठिकाणी ठेवतील, ही तिची भीती खोटी नाही. म्हाताऱ्यांसमोर रुग्णालय आणि वृद्धाश्रम असे दोनच दरवाजे ठेवणाऱ्या समाजावर हा चित्रपट अचूक बोट ठेवतो.

माझा आक्षेप एलावर नसून दिग्दर्शकावर आहे. जॉन त्या रात्री स्वतःविषयी काहीही ठरवू शकत नाही. पूर्वी कधी काही बोलणे झाले असले, तरी त्या रात्रीच्या जॉनला विचारणारे कोणी नाही. ज्याची आठवण एलाने पडद्यावर जपली, त्याचे 'हो' किंवा 'नाही' मात्र तिने स्वतःच उच्चारले. हा प्रश्न चित्रपटाने निदान मोठ्याने विचारायला हवा होता. त्याऐवजी तो मंद उजेडात आणि हळव्या सुरांत बुडवला जातो. कलेच्या दृष्टीनेही ही पळवाट आहे. विवाहाच्या कथेतील सर्वांत अवघड प्रकरण म्हणजे एकाने मागे राहणे. विर्झी यांनी ते प्रकरणच फाडून टाकले आहे.

पेन यांचा चित्रपट नेमका त्याच प्रकरणापासून सुरू होतो. ओमाहा शहरातील विमा कंपनीतून निवृत्त झालेला वॉरन श्मिट (जॅक निकोल्सन) आणि त्याची पत्नी हेलन यांनी भले मोठे मोटारहोम घेतले आहे. निवृत्तीनंतरच्या पहिल्या सकाळी हेलन हौसेने त्यातच न्याहारी मांडते. पुढे थोड्याच दिवसांत घर झाडता झाडता ती अचानक मरण पावते. दोघांसाठी घेतलेल्या गाडीत श्मिट एकटाच निघतो, डेन्व्हरला मुलीच्या लग्नाकडे. वाटेत जन्मघर शोधावे तर तिथे टायरचे दुकान उभे. सहानुभूती दाखवणाऱ्या बाईशी तो नको तसे वागतो आणि अपमानित होऊन पळतो. त्याच रात्री तो गाडीच्या टपावर चढतो आणि ताऱ्यांकडे पाहत मृत पत्नीशी बोलतो. तिला क्षमा करतो; त्याहून महत्त्वाचे म्हणजे स्वतःसाठी क्षमा मागतो. ज्या छपराखाली दोघांचा संसार व्हायचा होता, त्याच छपरावर हा कबुलीजबाब घडतो.

शेवट तर अधिकच साधा. आपल्या जगण्याने कोणाचेही काही अडले नाही, या कडवट हिशेबासह श्मिट रिकाम्या घरी परततो. टपालात टांझानियाहून आलेले पत्र असते. दरमहा २२ डॉलर पाठवून त्याने एन्डुगू नावाच्या सहा वर्षांच्या मुलाचे पालकत्व घेतलेले असते आणि आपली सारी गाऱ्हाणी तो त्या मुलाला पत्रांतून सांगत आलेला असतो. मुलाला लिहिता-वाचता येत नाही, म्हणून उत्तर एका धर्मभगिनीने लिहिले आहे. सोबत मुलाने काढलेले चित्र: एक मोठे माणूस, एक लहान, हातात हात. श्मिट रडू लागतो आणि चित्रपट संपतो. पेन यांचे शालेय शिक्षण काही काळ ओमाहातील येशूसंघीयांच्या शाळेत झाले, म्हणून ही धर्मभगिनी आली असे मी म्हणणार नाही. पण न मागता, न कमावता, परक्याच्या हातून मिळणाऱ्या गोष्टीला आपल्याकडे 'कृपा' हा शब्द आहे, एवढे नमूद करतो.

हा चित्रपट निर्दोष आहे असे नाही. मध्य अमेरिकेतील साध्या माणसांची थट्टा तो कधीकधी निर्दयपणे करतो. आफ्रिकेतील मूल तर केवळ एका गोऱ्या माणसाच्या अश्रूंचे निमित्त होऊन राहते. त्याचे स्वतःचे जीवन आपल्याला दिसत नाही. तरीही तो एका बाबतीत प्रामाणिक राहतो. मागे राहिलेल्या माणसाचे काय होते, हे तो शेवटपर्यंत न डगमगता पाहतो.

आपल्या धर्मग्रामांतही मुले परदेशी गेलेली, मोठ्या घरात दोघेच उरलेली जोडपी आता कमी नाहीत. संध्याकाळच्या रोझरीला दोन आवाज, मग एक दिवस एकच. त्या एका आवाजाला 'तुझे जगणे संपले' असे सुचवणारी कला कितीही हळुवार असली तरी क्रूरच. त्याच्या दाराशी एखादे पत्र घेऊन जाणारी कला आपल्याला हवी, आणि पत्र नेणारी माणसेही.

उत्पत्तीच्या पुस्तकातील ते वृद्ध जोडपेही एके दिवशी वेगळे झालेच. सारा १२७ वर्षांची होऊन हेब्रोन येथे वारली. अब्राहाम तिच्यासाठी रडला. मग उठून त्याने ४०० शेकेल रुपे मोजून मकपेलाची गुहा विकत घेतली आणि तिला तिथे पुरले. तंबूत आयुष्य काढणाऱ्या त्या माणसाने वचनदत्त भूमीत घेतलेली ही कायमची जागा पत्नीच्या कबरीसाठी होती. त्यानंतर तो ३८ वर्षे जगला.