कापलेल्या चित्रातला थोरला भाऊ

रेम्ब्राँचं ‘उधळ्या पुत्राचं पुनरागमन’ हे चित्र तुम्ही बहुधा फोनवर पाहिलं असेल. म्हातारा बाप, त्याच्यापुढे गुडघे टेकलेला मुलगा आणि मुलाच्या पाठीवर बापाचे दोन हात. मला तरी ते बरेचदा एवढंच, कापून पाठवलेलं मिळतं. मूळ चित्र साडेआठ फुटांच्या आसपास उंच आहे. रशियाच्या महाराणी कॅथरीनने ते १७६६ साली विकत घेतलं आणि आज ते सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटेज संग्रहालयात आहे. या कापाकापीत उजवीकडचा एक माणूस गायब होतो. माझी तक्रार त्याबद्दल आहे.

आधी गोष्ट. लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात जकातदार आणि पापी म्हणून हिणवलेले लोक येशूभोवती जमतात. रोमन सत्तेसाठी वसुली करणारा जकातदार आपल्याच लोकांत तुच्छ ठरलेला असायचा. येशू अशांच्या पंगतीला बसतो म्हणून परूशी आणि शास्त्री कुरकुर करतात. तेव्हा येशू तीन दाखले देतो: हरवलेलं मेंढरू, हरवलेलं नाणं आणि हरवलेला मुलगा. म्हणजे उधळ्या पुत्राची गोष्ट ऐकवली जाते ती कुरकुरणाऱ्या, स्वतःला घरचे समजणाऱ्या लोकांना.

धाकटा वाटणी मागून परमुलखात जातो, सगळं उडवतो, डुकरं राखायची पाळी येते. मग घरी जाऊन काय बोलायचं याची तो तयारी करतो: मुलगा म्हणून नको, निदान मजूर म्हणून ठेवा. पण बाप त्याला लांबूनच पाहतो, धावत जातो, गळ्यात पडतो. पोरगं बोलायला लागतं, पण मजुरीची गोष्ट त्याच्या तोंडून निघायच्या आतच बाप झगा, अंगठी आणि जोडे आणायला सांगतो. ख्रिस्ती शिकवणीतली ‘कृपा’ मला या अर्धवट राहिलेल्या वाक्यात सगळ्यात स्पष्ट दिसते. पोराने मांडलेला सौदा बाप ऐकूनच घेत नाही. राबून फेड, मग घरात ये, ही अट तिथे नाही.

रेम्ब्राँने १६३६ साली याच प्रसंगाचं एक एचिंग केलं होतं. त्यात धावपळ आहे, बाप पुढे झेपावलेला आहे. मृत्यूच्या थोडं आधी, १६६८च्या सुमारास रंगवलेल्या या चित्रात सगळं थांबलंय. मुलाचं डोकं भादरलेलं, जोडा झिजून फाटलेला, एक तळवा उघडा. त्याचा चेहरा बापाच्या छातीपोटाशी दडलाय. अपराध ‘पोटात घालणं’ असं आपण मराठीत म्हणतो. या चित्राचं वर्णन करायला मला याहून नेमका शब्दप्रयोग सापडत नाही.

आता उजवीकडे बघा. लाल झगा घातलेला एक दाढीवाला माणूस, हात एकावर एक ठेवून, ताठ उभा. बहुतेक अभ्यासक त्याला थोरला भाऊ मानतात. गोष्टीत हा घरात येतच नाही. इतकी वर्षं राबलो, मला कधी करडूही मिळालं नाही, असं म्हणत तो बाहेर रुसून बसतो. धाकट्याला तो भाऊ म्हणत नाही, बापाला ‘तुझा मुलगा’ असं म्हणतो. त्याची समजूत काढायलाही बापच बाहेर येतो आणि बोलताना ‘तुझा भाऊ’ म्हणतो. थोरला शेवटी आत गेला का, हे लूक सांगत नाही. रेम्ब्राँने त्याला आत आणून उभं केलं, त्याच्या चेहऱ्यावर उजेडही पाडला, पण दोघांच्या मधे काळोखाची मोकळी जागा ठेवली. ज्याच्यासाठी गोष्ट सांगितली, तोच फोनवरच्या चित्रातून कापला जातो. मग बघणाऱ्याला ती टोचत नाही.

टोचावी असं बरंच काही रेम्ब्राँच्या स्वतःच्या घरात होतं. १६४२ साली त्याची बायको सास्किया वारली. मुलाला, टिटसला, सांभाळायला ठेवलेल्या खेर्ट्ये डिर्क्सशी त्याचे संबंध जुळले. पुढे ते बिनसलं. लग्नाचं वचन मोडलं म्हणून ती १६४९ साली दाद मागायला गेली आणि वर्षाला दोनशे गिल्डर द्यावेत असा निकाल मिळवला. पुढच्याच वर्षी रेम्ब्राँच्या पुढाकाराने तिची रवानगी गौडा शहरातल्या बायकांच्या सुधारगृहात, म्हणजे तुरुंगातच झाली. पाच वर्षं ती तिथे होती. त्याचवेळी त्याच्या घरात राहणाऱ्या हेंड्रिक्ये स्टोफेल्सला १६५४ साली चर्चच्या मंडळाने लग्नाशिवाय राहते म्हणून बोलावून प्रभुभोजनापासून बंद केलं. कृपा शिकवणारं मंडळ एकीला पंगतीतून उठवतं आणि कृपा रंगवणारा माणूस दुसरीला कोंडतो.

हे चित्र म्हणजे रेम्ब्राँचा पश्चात्ताप, असं म्हणायचा मोह होतो. मी तसं म्हणणार नाही. तसा पुरावा नाही, आणि चित्र कितीही थोर असलं तरी खेर्ट्येची पाच वर्षं त्याने भरून निघत नाहीत. पण या माहितीमुळे चित्र खोटंही ठरत नाही. उलट, सोपं राहत नाही. क्षमा मागणाऱ्याच्या जागी स्वतःला बघणं सुखाचं असतं. आपण कुणाला दाराबाहेर ठेवलंय हे बघणं अवघड.

म्हणून पुढच्या वेळी ते दोन हात फोनवर आले, तर पूर्ण चित्र शोधा. मोठं करून उजवा भाग नीट बघा. त्या माणसाने अजून पाऊल उचललेलं नाही.